कालव्यावर मुलगी दाखवणे

मुलगी दाखवायची तर ती घरी दाखवावी, असा आमच्या हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या गल्लीतला साधा रिवाज. पुढच्या खोलीत पाहुणे, मागच्या खोलीत मुलगी आणि मध्ये त्या दिवसापुरता धुऊन लावलेला पडदा. फार पुढारलेले लोक असतील तर देवळात दाखवायचे, आणि अगदीच हाताबाहेर गेलेले असतील तर बागेत. मला दाखवलं ते इंग्लंडातल्या एका कालव्यावर, दिवसभर न थांबलेल्या पावसात, एका लांबलचक लोखंडी बोटीत. आमच्या खानदानात हा मान माझ्याआधी कुणाला मिळाला नव्हता, माझ्यानंतरही मिळालेला नाही. माझ्या नातीला मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की तिचं डोकं दुखतं. तिला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "अज्जी, सो रोमँटिक." तेव्हाच मी हे लिहून ठेवायचं ठरवलं. लिहिलेलं ती वाचणार नाही, त्यामुळं खरं लिहायला हरकत नाही.

त्या वर्षी मी इंटर पास झाले होते आणि कोठीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला मला जागा मिळाली होती. जामबागच्या शाळेतल्या माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना तोवर हळद लागली होती, त्यामुळं कॉलेजातली जागा ही काय चीज असते ते मला पक्कं ठाऊक होतं. बाबा त्याच उन्हाळ्यात पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. आमचे मूळचे लोक निजामाच्या मुलखातले शेतकरी. बाबांच्या रूपानं आमचं घराणं पाणी मागणाऱ्यांतून उठून पाणी सोडणाऱ्यांत जाऊन बसलं, आणि ही बढती बाबा एक दिवस विसरले नाहीत. जेवायला बसलं की विषय एकच, कुठल्या कालव्याचं कुठलं शटर. न्हाणीतल्या हौदाच्या बोळ्यालासुद्धा ते शटर म्हणत. मात्र उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही शटरच्या चाकाला हात लावलेला नव्हता. जीपमधून जायचं, छत्रीखाली उभं राहायचं, नारळ फुटला की "उघडा" म्हणायचं आणि परत यायचं, एवढं साहेबाचं काम. बंद करायला खलाशी, म्हणजे खात्याचा गडी, असतो. तो कधी बंद करतो आणि कसं करतो हे बाबांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण तोवर ते घरी येऊन हातपाय धूत असत.

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, बाबा सुमनताईकडं निघाले. माझी ही थोरली बहीण लग्न करून इंग्लंडला गेली होती आणि गेल्यापासून एकदाही माहेरी आली नव्हती. मला सांगितलं होतं ते एवढंच, की ताईला भेटायचं, महिनाभर राहायचं, परत यायचं. आईनं तर तिकडं दुष्काळ पडलाय अशा बेतानं सामान भरलं. गौलीगुड्याच्या बाजारातून आणलेला चुरमुऱ्यांचा डबा, ज्वारीचं पीठ, दह्यातल्या वाळवलेल्या मिरच्या आणि अंबाडीच्या लोणच्याची बरणी. बरणीनं वाटेत दगा दिला. तेल बाबांच्या एकुलत्या एका गरम कोटात मुरलं, आणि इंग्लंडात पुढं बाबा जिथं जिथं गेले तिथं तिथं आधी अंबाडी पोचली.

ताईचं घर बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात होतं. खाली दीड खोली, वर दीड खोली आणि न्हाणीघरात चक्क गालिचा. आई त्या गालिच्यावर पाय ठेवायला शेवटपर्यंत कचरली. पण खरी कमाल होती ती तिथल्या शांततेची. आमच्याकडं पहाटे दुधाच्या कॅनचा खणखणाट, मग भाजीवाली, मग समोरच्या हॉटेलातले कपबशांचे आवाज, शेजारच्या तेलुगू घरातलं भांडण. इथं सकाळ व्हायची आणि काहीच व्हायचं नाही. आई दोन दिवस कान देऊन बसली आणि मग म्हणाली, सुमे, इथली माणसं आहेत का गेली सगळी? ताई हसली. ती त्या दिवसांत फार हसायची आणि फार बोलायची. आई भाकरी थापत असली की तिच्याजवळ उभी, मी वेणी घालत असले की माझ्यामागं. न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून बोलत राहायची. माहेरची माणसं आलीत म्हणून आनंद झालाय, असं आम्ही समजलो. आम्हाला तेवढंच समजत होतं.

तो दिवस रविवारचा. बोट आधीच ठरवलेली होती, त्यामुळं पावसाला विचारण्याचा प्रश्न नव्हता. ताईचा नवरा, आमचे दाजी, म्हणाले होते की सासरेबुवांना इथला कालवा दाखवतो. बाबा दोन दिवस झोपले नाहीत. सकाळी ताई माझी गर्भरेशमी साडी इस्त्री करत होती. कालवा बघायला रेशमी साडी कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तिनं इस्त्री उभी केली आणि सांगून टाकलं. मला बघायला येणार होते. मुलगा शरद, इथंच कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि बरोबर त्याचे मामा, मूळचे गौलीगुड्याचे मसाल्याचे व्यापारी, आता इथं मोठं घर बांधून बसलेले. त्यांनी हो म्हटलं की पुढच्याच पंधरवड्यात इथल्याच एका हॉलमध्ये लग्न. बाबांनी मान डोलावली होती.

"मग तू इथंच राहशील विजू," ताई म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून घर आहे त्यांचं."

मी कॉलेजचं नाव काढलं. कॉलेजं इथं पण असतात की, असं म्हणून तिनं पुन्हा इस्त्री उचलली. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतर, देवदयेनं, फारशी वाटलेली नाही. नारायणगुड्यात असते तर मी शेजारी पळून गेले असते, उपास केला असता, निदान दार लावून रडले असते. इथं पळायचं तर कुठं? बाहेर फक्त पाऊस होता आणि कुणाला मराठी येत नव्हतं.

बोटच का, याचंही कारण होतं. मामांचं घर मोठं, दाजींचं घर दीड खोलीचं. एवढ्या मोठ्या माणसाला त्या दीड खोलीत बसवायचं म्हणजे नाक कापून घेणं. त्यापेक्षा दिवसभरासाठी बोट घ्यावी, म्हणजे पाहुणे खूश, सासरे खूश आणि घर कुणी पाहत नाही. दाजी वाईट नव्हते. फक्त आपल्याकडं काय नाही हे लोकांना दिसू नये यासाठी ते आयुष्यभर धावले, आणि त्या नादात आपल्याकडं काय आहे तिकडं बघायला त्यांना सवड झाली नाही.

बोट मात्र दीड खोलीपेक्षाही अरुंद निघाली. हात पसरले की दोन्ही भिंतींना लागत. लांबी विचारू नका, आमची अख्खी गल्ली आत झोपली असती, पण एकामागं एक. पुढच्या टोकाला बसायच्या फळ्या, मध्ये चूल, मग एक कोठडी, आणि अगदी मागं बाहेर उभं राहून बोट हाकायची जागा. तो हाकणारा उघड्यावर पावसात भिजणार आणि बाकीचे आत कोरडे बसणार, अशी इंग्रजांची न्यायव्यवस्था. वर पत्र्याचं छत. त्यावर पाऊस असा वाजत होता की साधं बोलायचं तरी घसा ताणावा लागे. वेग असा, की काठावरून कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी आम्हाला मागं टाकून गेली.

आईपुढं मोठंच धर्मसंकट होतं. मुलीनं आतून बाहेर यायचं असतं. इथं आत कुठलं आणि बाहेर कुठलं? सगळी बोट म्हणजे एकच बोळ. शेवटी दार असलेली एकच जागा सापडली, ती कोठडी. कोठडी म्हणजे संडास. मी गर्भरेशमी साडी नेसून, केसांत कागदी फुलांची वेणी माळून, बोलावणं येईपर्यंत तिथं बसले. माझ्या माहितीत अशा जागेवरून निघालेली वधू मी एकटीच.

मामा जोधपुरी कोटात आले होते. माणूस अघळपघळ, बोलणं तुपात घोळलेलं, आणि रिवाजाचे एकदम पक्के. मुलाकडच्यांनी कशाला हात लावायचा नाही, हा तो रिवाज. शरद बारीक अंगाचा, चष्म्यावर पावसाचे थेंब, चेहऱ्यानं बरा. त्याला ह्या बोटी माहीत होत्या, कारखान्यातल्या दोस्तांबरोबर तो पूर्वी आला होता. पण पहिल्या लॉकला तो मदतीला उठला तसे मामा म्हणाले, "शरद, तू बस. त्यांची तयारी आहे, आपण कशाला परेशान व्हायचं?" तो बसला. त्याला बसायची चांगली सवय होती.

हे लॉक म्हणजे कालव्यातली पायरी. मध्ये एक खोल हौद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे, आणि दरवाज्यांत पाणी सोडायची शटरं. खाली उतरायचं असेल तर वरची शटरं उघडून हौद भरायचा, बोट आत घ्यायची, वरची बंद करून मग खालची उघडायची. हौद रिकामा होतो आणि बोट खाली उतरते. दोन्ही टोकांची शटरं एकदम उघडी ठेवायची नाहीत, एवढाच काय तो नियम. पहिल्या लॉकवर बाबा छत्री घेऊन काठावर उभे राहिले आणि "उघडा" म्हणाले. दाजी लोखंडी हँडल घेऊन इकडून तिकडं धावले, शटरची दातेरी पट्टी कडकड वाजली, पाणी घुसळलं. बाबांचा चेहरा असा फुलला की रिटायर झालेत हे त्यांनाही आठवत नसावं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा समोरून दुसरी बोट येत होती, त्या लोकांनीच मागचं सगळं बंद केलं. त्यामुळं बाबांची खात्री पटली की इंग्लंडातही बंद करायला माणूस असतो.

दुसऱ्या लॉकच्या वरच्या बाजूला बोट बांधली. तो हौद रिकामा होता. बाबांना आधी खालची शटरं बघायची होती, म्हणून दाजींनी ती उघडून दाखवली. मग वरची बघायची होती, म्हणून तीही उघडली. पाणी हौदात पडायला लागलं. एवढ्यात आईची हाक आली की सुशीला तयार आहे. सुशीला म्हणजे आमच्याकडचा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, आणि तिचा स्वभाव असा की चुलीवरून उतरल्यावर तिला थांबवलं तर तिचा गोळा होतो. पाहुण्यांना गोळा कसा वाढणार? हौद भरू द्या तोवर, असं म्हणून बाबा आत आले. दाजी आत आले. खालची शटरं उघडीच राहिली.

मला कोठडीतून काढलं आणि हातात ताट दिलं. मिरच्यांच्या फोडणीनं बोटीत ठसका भरला होता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि प्रसंगाला ते शोभून दिसत होतं. मी ताटल्या दिल्या, खाली मान घालून समोर बसले. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. मी सांगत होते. आणि बोट एका अंगाला कलायला लागली.

आधी अगदी थोडी. चहाचा कप मेजावरून बोटभर सरकला. आईनं तो परत जागेवर ठेवला. मग पाण्याचा तांब्या सरकला, तो ताईनं धरला. मामा बसल्या जागेवरून हळूहळू बाबांकडं येत होते. त्यांनी खिडकीच्या दांडीला धरलं आणि विचारलं, "शिवणकाम?" मी म्हटलं, येतं. बोटीचं नाव कुणी काढलं नाही. आता ह्याला हैदराबादी तहजीब म्हणा नाहीतर काहीही म्हणा. मुलाकडच्यांनी बोट वाकडी आहे म्हणावं, तर मुलीकडच्यांच्या व्यवस्थेला नाव ठेवल्यासारखं होतं. मुलीकडच्यांनी म्हणावं, तर आपलीच बोट वाकडी आहे असं कबूल केल्यासारखं होतं. तेव्हा दोन्ही बाजू तिरक्या बसल्या आणि सरळ बोलत राहिल्या. भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेलं कुणाचं जाकीट भिंत सोडून हवेत लोंबत होतं. मामा म्हणाले, हवा जरा खराबच आहे. बाबा म्हणाले, हौ, पण पिकाला चांगली.

मी रिकामं ताट घ्यायला उठले आणि खिडकीबाहेर बघितलं. कालवा नव्हता. काळा चिखल होता, त्यात एक सायकल रुतलेली, एक पाळण्याच्या गाडीचं चाक, आणि मध्यावरून पाण्याची एक बारीक धार लॉककडं निघाली होती. दोन लॉकमधला तो तुकडा आखूड होता. आम्ही सुशीला खाईपर्यंत तो सगळा वाहून गेला होता.

"बाबा," मी म्हटलं, "पाणी गेलं."

बाबा उठले, त्यांचं डोकं छताला आपटलं, आणि डोकं धरूनच त्यांनी खिडकीतून बघितलं. पाटबंधारे खात्यातून सन्मानानं रिटायर झालेल्या माणसानं इंग्रजांचा कालवा रिकामा केला होता. मला त्यांची कीव आली. पण त्याहीपेक्षा जास्त, खरं सांगते, मला आशा वाटली.

कारण मी हिशेब केला. ज्या मुलीनं पाहुण्यांसमोर साडी खोचली, चिखलात उतरली आणि हँडल मारलं, तिला कुठले मामा पसंत करतील? मी कोपऱ्यातलं लोखंडी हँडल उचललं. शरद अर्धवट उठला होता. त्याच्या गुडघ्यावर मामांचा हात होता.

"तुम्हाला दिसलं होतं?" मी त्याला विचारलं. "खालची उघडी होती ते?"

"हो," तो म्हणाला. "पण मामा म्हणाले बसून राहा."

हे तो इतकं सरळ म्हणाला की मला त्याचा रागही धड आला नाही. मी त्या तिरक्या बोळातून भिंतीला धरत मागच्या दारानं बाहेर पडले आणि काठावर उडी मारली. पाऊस तोंडावर आला. वेणीच्या कागदी फुलांचा रंग गळ्यावर ओघळला. बाबा छत्री घेऊन मागोमाग आले आणि सवयीनं छत्रीखाली उभे राहिले. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी छत्री मिटली. म्हणाले, दे इकडं. वरची शटरं मी पाडली होती, खालची त्यांनी पाडली. बाबांचे ते मऊ, शाई लागलेले हात मी त्याआधी कधी कशाला जोर लावताना पाहिले नव्हते. पट्टी कडकड करत उतरली आणि शेवटी शटर खाली बसल्याचा एक दबका आवाज आला. बाबांनी वाकून खाली बघितलं. "असं बंद होतं होय," ते म्हणाले.

बंद केल्यानं पाणी परत येत नाही. त्यासाठी मागं चालत पहिल्या लॉकपर्यंत जायचं, तिथली दोन्ही टोकं मुद्दाम उघडायची आणि वरचं पाणी खाली सोडायचं. ही युक्ती बाबांचीच. जी चूक करून कालवा रिकामा झाला तीच चूक दुसरीकडं करून तो भरायचा, हे त्यांना इतकं आवडलं की चिखलाच्या वाटेवर ते एकटेच हसत होते. आम्ही दोघं निथळत पाणी उतरताना बघत उभे राहिलो. त्या अर्ध्यापाऊण तासात ते मला शटरं आणि पाण्याचा दाब यांविषयी जे बोलले ते नारायणगुड्याला कधी बोलले नव्हते. तिथं ते आईशी बोलत आणि मी ऐकत असे. मला लग्नाचा विषय काढायचा होता. पण काढायची गरजच काय, असं मला वाटलं. माझ्या साडीचे काठ काळे झाले होते, चप्पल एका पायात होती आणि एका पायात नव्हती. हा अवतार माझं काम करणार होता. मी आनंदात परत आले.

बोट तरंगली होती. आत सगळे सरळ बसले होते. आईनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि घसा खाकरला.

"पोट्टी पसंत आहे आम्हाला," ते म्हणाले. "या मुलखात नाजूक मुली काय कामाच्या? गडी नै, बाई नै. इथं अशीच पाहिजे. आणि आमच्या शरदला तर, तुम्ही बघितलंच, कुणीतरी उठवायला लागतं."

माणसानं फार हुशारी करू नये. ताईनं मला मिठी मारली, ओलीचिंब होते तरी सोडेना, आणि ती रडत होती. आई साखरेचा डबा शोधायला लागली. दाजींनी मामांचा हात हातात घेतला. हे सगळे माझ्या भोवती, माझ्याच लग्नाच्या आनंदात, आणि मी त्या गर्दीत नसल्यासारखीच होते. मला वाटलं, संपलं. आता मी ह्या शांततेत राहणार, सकाळ होणार आणि काहीच होणार नाही.

"थांबा," बाबा म्हणाले. ते अजून दारातच होते, कोटातून पाणी गळत होतं. "विजू, तुला काय वाटतं?"

आमच्या घरात हा प्रश्न मुलीला कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. बाबांनीही ऐकला नसावा, कारण विचारून झाल्यावर ते स्वतःच जरा दचकल्यासारखे दिसले.

"मला घरी जायचंय बाबा," मी म्हटलं. "कॉलेज सुरू होतंय."

बाबांनी मान हलवली आणि मामांकडं वळले. मामासाहेब, माफ करा, जमणार नाही. मामांनी रिवाज सोडला नाही. पोरीबाळींची मर्जी, आमची काही तक्रार नै, असं म्हणून त्यांनी चहा संपवला. आईच्या हातातला साखरेचा डबा तसाच राहिला.

आता नकार दिल्यावर मुलाकडच्यांनी निघून जायचं असतं. पण जाणार कुठं? बोट खालच्या रुंद जागेपर्यंत नेऊन वळवायची होती आणि म्हातारीच्या कुत्र्यामागं मागं तेवढंच पाणी परत कापायचं होतं. मोडलेल्या लग्नातली दोन्ही घरं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसली. हवेबद्दल बोलून झालंच होतं. तेव्हा शरद उठला, कोट काढून ठेवला आणि बाहेर गेला. मामांनी अडवलं नाही. तो आता मुलाकडचा राहिला नव्हता, त्यामुळं त्याला हात लावायला मोकळीक होती. उरलेली सगळी लॉकं त्यानं चालवली, आणि इतकी सफाईनं, उड्या मारत, शीळ घालत, की मला क्षणभर वाटलं, हाच सकाळी का आला नाही. पण तो विचार मी टिकू दिला नाही. पुढं त्यानं कुणा गुजराती मुलीशी स्वतः ठरवून लग्न केलं आणि मामांना पत्रिका दिली, असं ऐकलं. छान केलं.

ताई चुलीजवळ भांडी पुसत होती. मी कोरडी साडी गुंडाळून तिच्याजवळ उभी होते. मागं दार उघडं होतं आणि त्यातून पावसात भिजत बोट हाकणारे दाजी दिसत होते. बाबा चहा मागायला आले. ते खुशीत होते, आयुष्यात काहीतरी नवीन जमल्यावर माणूस असतो तसे. कप घेताना ते ताईला म्हणाले, "बघ सुमे, मुलीला विचारून करावं हेच बरं."

ताईनं पुसलेलं ताट मांडलं, दुसरं घेतलं.

"मला नव्हतं विचारलं बाबा," ती म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता. छतावर पाऊस होता, पुढं बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल. बाबा म्हणाले, तू तेव्हा काही बोलली नाहीस. ताई म्हणाली, विचारलं असतं तर बोलले असते. बाबा कप हातात घेऊन उभे राहिले. ज्या माणसानं तासाभरापूर्वी आख्खा कालवा परत भरला होता, त्यानं कपात उगाच आणखी एक चमचा साखर घातली. शेवटी त्यांनी, अगदी हळू, विचारलं, "मग आता सांग. बरं आहे ना तुझं इथं?"

ताईनं मागच्या दारातून बाहेर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिला किती एकटं वाटत असेल हे मला तेव्हा कळलं, एका क्षणात आणि पुरतं, आणि सकाळी इस्त्री करताना तिचा चेहरा एवढा का उजळला होता तेही. तिनं सगळी मंडळी जमवली होती, ती मला नवरा मिळावा म्हणून नाही. तिला दोन गल्ल्या सोडून आपलं एक माणूस हवं होतं. ते माणूस मी होते, आणि मी सगळ्यांसमोर घरी जायचंय असं म्हणून मोकळी झाले होते.

"आता चहा घ्या," ती बाबांना म्हणाली. "गार होतोय."

पंधरा दिवसांनी आम्ही परतलो. मी कॉलेजात गेले. ताई तिथंच आहे.